पाठकोरे कागद

भोसरी
१८ जानेवारी २०२४

प्रिय कशफ,

आपल्या पटावरच्या खेळांच्या 'सोंगटी'चा अकरावा अंक आज पोस्टात टाकला. चौसष्ट प्रती. तुझी सोबत आहे. पान नऊवर शाई फिकट आली आहे, कारण योगिनी मॅडमच्या क्लासमधलं डुप्लिकेटर तीस प्रतींनंतर दमतं. दहा मिनिटं बंद ठेवलं की पुन्हा चालतं. ते वापरायच्या बदल्यात मी अजूनही दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या डिप्लोमाच्या मुलांना एक तास इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते.

कागद नेहमीप्रमाणे तुझ्या अब्बूंच्या, म्हणजे चाचांच्या, रद्दीच्या दुकानातला. डिसेंबरभर दर गुरुवारी सकाळी चाचांनी पाठकोऱ्या ए-थ्री कागदांचा गठ्ठा रद्दीतून बाजूला काढून ठेवला आणि मी तिथेच स्टुलावर बसून तपासला. एकेक कागद उजेडात धरायचा, कोरी बाजू बघायची: तेलाचे डाग, पिनांची भोकं, मागून दिसणारी छपाई. सहाशेंतले अठ्ठ्याऐंशी नाकारले. चाचा म्हणाले, "बेटा, उद्या नवरा पण असाच उजेडात धरून बघ." मी म्हटलं, तेव्हा नाकारण्याचं प्रमाण वाढेल. ते बराच वेळ हसत होते.

कागद मधोमध दुमडून छापील बाजू आत ठेवायची आणि उघड्या कडेला पिना मारायच्या, ही तुझी युक्ती दोन वर्षं टिकली आहे. आत काय आहे याची कुणी चौकशी केलेली नाही. मागच्या अंकात कुठल्यातरी कॅन्टीनचा मेनू होता म्हणे.

मधल्या कागदावर तुझा 'तळेगाव चौक' छापला आहे. कंपनीची बस घेऊन चाकणच्या त्या चौकातून वीस चालींत बाहेर पडायचं. मी नऊ वेळा खेळले, एकदाही बाहेर पडले नाही. नियम दोनदा तपासले, चूक नाही. खेळ खरा आहे एवढंच. पट अखंड लागतो, म्हणून खाली सूचना दिली आहे: पिना काढा, कागद उलगडा, टेबलावर पसरा.

तू नोकरीचं विचारलं होतंस. माझं कंत्राट ३१ मार्चला संपतं. हे तिसरं. अकरा महिने काम, एक महिना ब्रेक, परत अकरा महिने. या वेळी साहेबराव सरांनी, म्हणजे आमच्या क्वालिटीच्या प्रमुखांनी, पर्मनंटसाठी दोन नावं वर पाठवली आहेत. एक माझ्याबरोबरच्या प्रज्वलचं, एक माझं. होईल ते होईल. मोजमापाच्या खोलीत पर्मनंट माणसाला स्वतःचं कुलपाचं कपाट मिळतं. माझा मायक्रोमीटर अजून डब्याच्या पिशवीत असतो. आईने मात्र शेजारी सांगून टाकलं आहे.

बाराव्या अंकासाठी तुझा खेळ पंधरा फेब्रुवारीपर्यंत हवा.

स्वरूपा


नाशिक
२७ जानेवारी

स्वरूपाबाई,

अंक मिळाला. फिकट पान नऊ मला दिसलंच नसतं, तू सांगितलंस म्हणून दिसलं. जगात एवढं प्रामाणिक नियतकालिक दुसरं नसेल: आधी चुका, मग मजकूर.

इथे ऑफिसात दिवसभर संगणकावर पाइपांची ड्रॉइंग काढते. खोलीवर आले की डोळ्यांपुढे पाइपच येतात. तरी तुझा अंक हातात आला की वाटतं, हे आपण का करतो? चौसष्ट माणसं, त्यातली उलट लिहिणारी नऊ. ना जाहिरात, ना वर्गणी. व्हॉट्सॲपवर तेवढ्या वेळात हजार लोक रिकामं बोलतात. पण तिथे आपण काढलेल्या गटावर दोघींचंच भांडण झालं आणि अंकाचं सगळं कागदावर हा नियम मीच केला, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

अब्बूंशी बोलले. म्हणाले, तुझी मैत्रीण दुकानात आली की गिऱ्हाइकांना वाटतं कुणी इन्स्पेक्टर आली, भाव करत नाहीत. सुभद्राबाई, शेजारच्या चहावाल्या, त्या तुला 'लाइटवाली' म्हणतात. कागद उजेडात धरतेस ना.

पर्मनंटचं ऐकून मलाच जास्त आनंद झाला असं दिसतंय. 'होईल ते होईल' काय? तुला कशाचा फरक पडतो तरी कधी? डिप्लोमात पहिली आलीस तेव्हाही तोंड असंच होतं, जसं काही कुणी बसचं तिकीट हातात दिलंय.

खेळ पाठवते, पण पंधराला नाही, वीसला. ओरडू नकोस.

तुझी,
कशफ


भोसरी
२९ फेब्रुवारी

प्रिय कशफ,

बाराव्या अंकाचं काम थांबवलं आहे. तुझा खेळ मिळाला, चांगला आहे, पण आता छापता येणार नाही. कारण क्रमाने लिहिते.

दिग्विजय तुला आठवत असेल, दर अंकाला पोस्टकार्ड लिहिणारा. तो चाकणला एका छोट्या कंपनीत आहे. ती कंपनी आमच्या कंपनीला सुटे भाग पुरवते. त्याने सूचनेप्रमाणे पिना काढल्या, कागद उलगडला आणि जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलावर 'तळेगाव चौक' मांडला. चौघे खेळत होते. बस चौकात अडकली. एकाने वैतागून पट उलटा केला.

मागे आमच्या कंपनीचं ड्रॉइंग होतं. अजून बाजारात न आलेल्या गाडीचा एक ब्रॅकेट. कोपऱ्यातल्या चौकटीत कंपनीचं नाव, भागाचा क्रमांक, 'गोपनीय' असा शिक्का. त्या कंपनीत ते कुणी पाहायला नको होतं. दिग्विजयने घाबरून ते आपल्या साहेबांकडे दिलं, त्यांनी आमच्याकडे पाठवलं. बुधवारी, २१ तारखेला, ते साहेबराव सरांच्या टेबलावर होतं. एका बाजूला ब्रॅकेट, दुसऱ्या बाजूला चौक, आणि खाली माझं नाव संपादक म्हणून.

सरांनी दार लावून घेतलं. आधी विचारलं, हे तू छापलंस? मी हो म्हटलं. मग विचारलं, कागद कुठून आणलास?

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. चौकशी चालू आहे आणि त्याबद्दल बाहेर बोलायचं नाही असं मला लेखी दिलं आहे. पत्र हे बाहेर बोलणंच आहे, तेव्हा मी याहून जास्त लिहिणं बरोबर नाही. तूही चाचांना यातलं काही सांगू नकोस.

पर्मनंटची यादी अजून लागलेली नाही.

तब्येत ठीक आहे.

स्वरूपा


नाशिक
९ मार्च

स्वरूपा,

फोन करणार होते. केला असता तर तोंडाला येईल ते बोलले असते, म्हणून लिहिते आहे.

गेल्या शनिवारी तुझ्या कंपनीची दोन माणसं अब्बूंच्या दुकानात आली. निळ्या शर्टातली, सिक्युरिटीची. नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही, थेट आली. म्हणजे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दोन तास एकेक गठ्ठा सोडून पाहिला आणि अर्धे टेम्पोत टाकून नेले. बाजाराच्या भर गर्दीत. अब्बू दारात उभे राहून लोकांना म्हणत होते, काही नाही, काही नाही. सोमवारी रद्दीच्या कंत्राटदाराचा निरोप आला की यापुढे एमआयडीसीतला कागद तुम्हाला मिळणार नाही. सव्वीस वर्षं तो कागद घेतायत ते. आता शाळेच्या वह्या आणि वर्तमानपत्रं, आणि त्यालाही दहा जण टपलेले.

मी विचारलं, हे काय झालं? तर म्हणाले, "बच्ची को कुछ मत बोल." बच्ची म्हणजे तू. मला कळेना, त्यांना तुझी एवढी काळजी का. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. "मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही."

कसं लिहिशील? कागद कुठून आणलास, या प्रश्नाला उत्तर एकच आहे. तू ते दिलंस. तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे, ते मी समजून घेतलं असतं. पण आधी अब्बूंना सांगायचं तरी. त्यांनी तुला स्टूल दिलं, चहा दिला, दर गुरुवारी गठ्ठा काढून ठेवला. तू त्यांना नियमाप्रमाणे काही न सांगता नियमाप्रमाणे त्यांचं नाव दिलंस. आणि मला म्हणतेस, तब्येत ठीक आहे.

पर्मनंट व्हायचं होतं तर सरळ तसं म्हणायचं होतंस. 'होईल ते होईल' कशाला?

अंक बंद केलास ते बरं केलंस.

कशफ


भोसरी
१४ मार्च

प्रिय कशफ,

पत्र मिळालं. दुकानात माणसं आली हे मला तुझ्या पत्रातून कळलं. चौकशीतलं मला काही सांगत नाहीत.

जे माझ्याबद्दल आहे तेवढं लिहिते. ते लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही असं मी ठरवलं आहे.

आमच्याकडे रद्द झालेली ड्रॉइंग दर शनिवारी यंत्रात घालून फाडायची असतात. फाडून झाली की क्वालिटीच्या एका माणसाने रजिस्टरवर सही करायची. ते यंत्र ऑगस्टपासून बंद आहे. पेटी भरली की झाडलोट करणारे ती तशीच रद्दीत ओततात. रजिस्टर मात्र चालू आहे. शिफ्ट सुटताना ते फिरतं, बाहेर बस उभी असते, ज्याच्यापुढे येईल तो सही करतो. पेटीत कुणी डोकावत नाही. हे ड्रॉइंग ज्या आठवड्यात रद्द झालं, त्या २ डिसेंबरच्या ओळीत सही माझी आहे.

मग तोच कागद चाचांच्या दुकानात माझ्या हातात आला. मी उजेडात धरला, कोरी बाजू तपासली आणि चांगला म्हणून ठेवला. उलटून पाहिला नाही. मी दिवसाचे आठ तास ड्रॉइंग वाचते. पगार त्याचाच आहे.

सरांनी अहवाल मागितला होता. त्यात मी या दोन गोष्टी लिहिल्या आहेत, तारखेसकट. कागद कुठून आणला या प्रश्नाला मी म्हटलं होतं, सांगणार नाही. अहवालातही ती जागा कोरी सोडली आहे. नाव मी दिलेलं नाही.

तुला हे खरं वाटेल की नाही हे मला तपासता येत नाही. चाचांना सांगायला हवं होतं हे तुझं म्हणणं बरोबर आहे.

रोजे सुरू झाले असतील. सांभाळून.

स्वरूपा


नाशिक
१३ एप्रिल

स्वरू,

महिनाभर उत्तर दिलं नाही. आधी रागाने, मग लाजेने. ईदला घरी आले होते. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेले. काय बोलायचं ते ठरेना.

सगळं अब्बूंनी सांगितलं, तेही मी तुझं पत्र वाचून दाखवल्यावर. रजिस्टरचा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "नाव तिने नाही दिलं. मी दिलं."

बावीस फेब्रुवारीला, गुरुवारी, तू दुकानात आलीस म्हणे. अंकाचे कागद मागितले नाहीस. स्टूल घेतलंस आणि कोपऱ्यातला सगळा ए-थ्रीचा ढीग उलटून पाहू लागलीस. या वेळी छापील बाजू. दोन तास. सुभद्राबाईंनी चहा ठेवला तो तसाच थंड झाला. अकरा कागद वेगळे काढून रबर लावून त्यांच्या गल्ल्याजवळ ठेवलेस आणि "हे विकू नका, चाचा" एवढंच म्हणून गेलीस. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. इंग्रजी येत नसलं तरी कंपनीचा शिक्का त्यांना सव्वीस वर्षांत पाठ झालाय. तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तोच.

त्यांना कळलं की तू कशात तरी अडकली आहेस आणि अडकलीस ती त्यांच्या कागदामुळे. सोमवारी अकरा कागद पिशवीत घातले, दोन बस बदलून चाकणला गेले आणि तुमच्या गेटवर सांगितलं, हे माझ्या दुकानात आलं, पोरीला मीच दिलं, तिला कुठून आलं ते माहीत नव्हतं. दीड तास बाहेर उन्हात बसवून ठेवलं, मग कुणीतरी लिहून घेतलं. मी ओरडले, अब्बू, तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला? तर म्हणतात, "ती नाव घेणार नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग कुणीतरी घ्यायला नको?"

मला सांगितलं नाही, कारण मी तुझ्याशी भांडले असते. मी तरीही भांडले.

माफ कर. खरंच. दुकान चालू आहे. वह्यांचा सीझन आहे, परीक्षा संपल्या. मोठा कागद नाही, पण उपाशी नाही कुणी. अब्बू विचारतात, लाइटवाली का येत नाही.

आणि पर्मनंटचं काय झालं? यादी लागली असेल ना आता. सांग.

तुझी,
कशफ


भोसरी
१८ एप्रिल

प्रिय कशफ,

माफीची गरज नाही. तुझ्याकडे जेवढी माहिती होती त्यावरून तू काढलेला निष्कर्ष योग्य होता. माहिती मी दिली नव्हती.

यादी ३० मार्चला लागली. प्रज्वलचं नाव आहे. माझं नाही. ३१ला कंत्राट संपलं आणि नवीन दिलेलं नाही. ऑर्डरी कमी आहेत असं लेखी कारण आहे. ते खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही, ऑर्डरी थोड्या कमी आहेतच.

शेवटच्या दिवशी साहेबराव सरांनी बोलावलं. माझा अहवाल पुढ्यात होता. म्हणाले, "मूळ कारणाच्या चौकटीत माणसाचं नाव लिहायचं नसतं, हे नव्या पोरांना तूच शिकवतेस ना? मग स्वतःचं कशाला लिहिलंस?" मी म्हटलं, पद्धत चुकीची आहे हेही लिहिलंय, सर, वरच्या ओळीत. ते म्हणाले, "वरचे लोक पद्धत वाचत नाहीत गं. नाव वाचतात." मग चाचांचं सांगितलं. एक म्हातारा पिशवी घेऊन गेटवर आला होता, त्याचा जबाब फाइलला आहे. "तू कागद देणाऱ्यावर एक ओळ लिहिली असतीस, की त्याने कंपनीचा माल परस्पर घेतला, तर सगळं बाहेरच्या माणसावर गेलं असतं. मी तुला दोनदा सुचवलं. तुला कळलं नाही की कळूनही लिहिलं नाहीस?" मी म्हटलं, कळलं होतं. त्यांनी फाइल मिटली. वाईट माणूस नाहीत. मला गेटपर्यंत सोडायला आले, तसं ते कुणासाठी येत नाहीत.

बसमध्ये मी हिशोब जुळवत होते. मी नाव घेतलं नाही, म्हणून चाचांना जाऊन घ्यावं लागलं. ते गेले, म्हणून त्यांचा कागद बंद झाला. आणि ते गेले तरी माझी सही रजिस्टरवर होतीच, तेव्हा माझंही काही वाचलं नाही. त्या गुरुवारी मी दुकानात दोन तास बसले. त्यातलं एक मिनिट बोलले असते तर आम्ही दोघांनी बसून काहीतरी ठरवलं असतं. निदान ते उन्हात एकटे बसले नसते. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर आवाज फुटला असता, आणि दुकानात गिऱ्हाइकं होती.

परवा दुकानात गेले. माफी मागायला गेले होते, ती मागितली. ते म्हणाले, सोड, बैस. मग विचारलं, "बेटा, नोकरी पक्की झाली ना?" मी हो म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही असं तू लिहिलं होतंस. येतं.

आईलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं हा नेहमीचा ब्रेक आहे. दर वर्षी एप्रिलमध्ये मी घरी असते, तिला सवय आहे. एक तारखेला महाराष्ट्र दिन, दोनला गुरुवार, म्हणजे तीन मेला शुक्रवारी ती पहाटे उठून माझा डबा भरेल. पर्मनंट झाल्याचे पेढे तिने कुणाकुणाला द्यायचे त्याची यादी करून ठेवली आहे. तेवीस नावं आहेत. तुझं पहिलं.

मी रोज नऊ वाजता बाहेर पडते, क्लासला जाते असं सांगून. भोसरीतल्या वर्कशॉपमधून विचारत फिरते. दोन ठिकाणी नाव लिहून घेतलं आहे. एका ठिकाणी म्हणाले, मॅडम, आमच्याकडे मोजायला पट्टी आहे, तुम्ही काय करणार?

अंक काढायची ताकद आत्ता नाही. वाचकांना तसं कार्ड टाकलं आहे.

तू दर वेळी विचारतेस, तुला कशाचा फरक पडतो का. मला ती नोकरी हवी होती, कशफ. तीन वर्षं रोज हवी होती. पहिल्या वर्षी मी ते कपाट कुठलं असेल तेही ठरवलं होतं, खिडकीकडून दुसरं. नाव पाठवल्याचं कळलं त्या दिवशी बस चुकवून मी मोशीपर्यंत चालत आले, कारण बसमध्ये सगळ्यांना दिसलं असतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आईला सांगायचं आहे. आरशासमोर दोनदा प्रयत्न केला. पहिलं वाक्य येतं, दुसरं येत नाही. मला एकटीला जमेल असं वाटत नाही. अठ्ठावीसला रविवार आहे, तुला सुट्टी असेल. तू येशील का? काही बोलायचं नाही. मी सांगत असताना फक्त माझ्या बाजूला बस.

स्वरूपा